तांते सिसीचं पांघरूण

फोन आला तेव्हा इवोनी श्पोर संग्रहालयाच्या माडीवर जुन्या पाळण्यांवरची धूळ झटकत होती. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज एका बाईचा, तरुण आणि फार अदबीचा.

"मी रोझेनी बोलतेय. धरणाच्या वरची जी लाक्लानो लोकांची वस्ती आहे ना, तिथल्या शाळेत शिकवते. तुम्ही संग्रहालयाच्या पानावर एक फोटो टाकलाय. होल्शर कुटुंबाचा."

इवोनीला लगेच आठवला. जर्मन लोकांनी लिंडेनताल गाव वसवल्याच्या वर्धापनदिनासाठी तिनंच हौसेनं जुने फोटो संगणकावर चढवले होते. त्यातलाच तो. ओसरीच्या पायरीवर होल्शरांचं सगळं घर बसलेलं, अंगात चर्चला जायचे कपडे. पिवळ्या केसांच्या पोरांची रांग, आणि रांगेच्या टोकाला एक सावळी, सरळ काळ्या केसांची मुलगी. बाकी सगळ्यांच्या पायांत बूट, ती एकटी अनवाणी.

"ती मुलगी माझ्या आईची मावशी असावी, असं आम्हाला वाटतं," रोझेनी म्हणाली. "शनिवारी आईला घेऊन येते. आणि फोटोखाली तुम्ही एका पांघरुणाबद्दल लिहिलंय, ते आईला पाहायचंय. चालेल ना?"

"चालेल की. या ना," इवोनी म्हणाली. फोन ठेवला आणि मग तिला कळलं, आपण कुणाला बोलावलंय.

ती मुलगी म्हणजे तांते सिसी. गावातली सगळी पोरं तिला तांते म्हणत, म्हणजे मावशी. इवोनी लहान असताना सिसी म्हातारी झालेली होती. होल्शरांच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून बटाटे सोलायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या हातावर रताळ्याच्या पावाचा तुकडा ठेवायची. ती कुठून आली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. फार वर्षांपूर्वी थोरल्या होल्शरांना रानात रडणारं एक पोर सापडलं, पांघरुणात गुंडाळलेलं. त्यांनी ते घरी आणलं, वाढवलं, बाप्तिस्मा दिला. संग्रहालयात काचेच्या पेटीत ते पांघरूण होतं, शेजारच्या चिठ्ठीवर हेच लिहिलं होतं, आणि ती चिठ्ठी इवोनीच्याच अक्षरात होती.

दुसरीही एक गोष्ट होती, पण ती कुणी लिहीत नसे. त्या काळी वसाहतीनं रानातल्या लाक्लानो लोकांवर माणसं सोडली होती. ती पहाटे झोपलेल्या वस्तीवर जायची आणि परत येताना कधीकधी पोरं घेऊन यायची. इवोनी पूर्वी शाळेत शिकवायची तेव्हा एकदा एका मुलानं तिला हे विचारलं होतं. तिनं फळा पुसत, "ते आपल्या गावात नाही झालं," असं सांगून टाकलं होतं.

लोथार होल्शरांना कळवणं भाग होतं. संग्रहालय त्यांच्या आजोबांच्या घरात, समितीचे अध्यक्ष तेच, आणि गावात त्यांना नुसतं नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. सगळे अदबीनं "सेउ लोथार" म्हणत, बायकांना दोना म्हणतात तसं. लाकडाची गिरणी मुलाकडे सोपवून ते आता गावाची काळजी वाहत.

ते आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू 'या' म्हणालीस?"

"मग काय म्हणणार, सेउ लोथार? संग्रहालय आहे. लोक येणारच."

"लोक वेगळे, हे वेगळे. आज फोटो बघतील, उद्या पांघरूण मागतील, परवा वकील घेऊन जमीन मागतील. हात दिला की कोपर धरतात अशातली गत." त्यांनी बोटानं काचेच्या पेटीकडे दाखवलं. "ते उचल आधी."

"उचलून काय करू?"

"घरी घेऊन जा. विचारलं तर सांग, दुरुस्तीला गेलंय. कसर लागली होती म्हण."

"इथली वस्तू मी आजवर या घराबाहेर नेली नाही. सुईसुद्धा नाही."

"मग इथंच ठेव. पण कपाटात नको, या शिकलेल्या पोरी कपाटं उघडायला लावतात. मी स्वतः येणारे शनिवारी. तू काही बोलू नकोस, मी बोलेन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इवोनी, सिसीनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय. माझी आई आजारी होती तेव्हा मी तिच्या कुशीत झोपायचो. माझ्या घरात तिचं काही वाईट झालं असं कुणी येऊन म्हणेल, ते मी ऐकून घेणार नाही. कळलं?"

इवोनीला कळलं. तिला दोन्ही बाजूंनी कळत होतं, दुखणं तिथंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं पेटीची काच उचलली. पांघरूण तिनं वर्षानुवर्षं काचेतूनच पाहिलं होतं. हातात घेतलं तर अपेक्षेपेक्षा जड निघालं. रानातल्या आग करणाऱ्या पानांच्या झाडाची साल सोलून, कुटून, पिळून काढलेलं सूत. काठाला तांबूस पट्टा, मध्ये मातकट रंग. लहान मुलाच्या अंगापुरतं. तिनं ते पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि घरभर फिरली. पेटारा नको, तो उघडाच असतो. माडीवरच्या पलंगाखाली नको, तिथं पाहुणे वाकून बघतात. अशी फिरत ती स्वयंपाकघरात आली आणि बाहेर लोथारांची गाडी वाजली.

स्वयंपाकघरात होल्शरांची जुनी बिडाची चूल होती. एका बाजूला सरपण घालायचं तोंड, वर भांडी ठेवायचे गोल झाकणांचे डोळे आणि दुसऱ्या बाजूला पाव भाजायची लोखंडी पेटी, तिला स्वतःचं दार. चूल पेटायची ती फक्त जुलैतल्या, ऐन थंडीतल्या जत्रेला. इवोनीनं पेटीचं दार उघडलं, गाठोडं आत सारलं आणि दार लावलं.

"ठेवलंस?" लोथारांनी दारातूनच विचारलं.

"ठेवलं."

"कुठं?"

"आहे नीट."

"बरं. मलाही सांगू नकोस. उद्या विचारलं तर खोटं बोलायला नको."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी उठली तर थंडीनं गवत पांढरं पडलेलं. गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसती खोकायची. शेवटी ती चालत निघाली. वळणावर आली आणि तिला संग्रहालयाचं धुराडं दिसलं.

धुराड्यातून धूर येत होता.

आधी तिला अर्थच लागला नाही. थंडीच्या दिवसांत सगळ्याच घरांतून धूर निघतो. मग पेटी आठवली आणि ती पळत सुटली. साठीला टेकलेली बाई, पायांत जाड बूट, गोठलेला रस्ता. दोनदा घसरली. पिठाच्या दुकानातली बाई दारातून ओरडली, "दोना इवोनी, काय झालं?" तिनं उत्तर दिलं नाही.

स्वयंपाकघराचं दार ढकललं तर आत सगळे बसलेले. पाहुण्या सकाळच्या पहिल्या बसनं आल्या होत्या. लोथारांची बायको नेल्सी अंगात फुलाफुलांचा एप्रन घालून चुलीपाशी उभी. लोथार टेबलाच्या डोक्याशी. त्यांच्या समोर केस घट्ट बांधलेली एक तिशीतली बाई, ती रोझेनी असणार. आणि चुलीला सगळ्यात जवळ, पाव भाजायच्या पेटीच्या अगदी समोर, लोकरी शाल घेतलेली एक म्हातारी चुलीकडे तळवे धरून बसलेली.

"आलीस बाई एकदाची!" नेल्सी म्हणाली. "हे म्हणाले विजेच्या शेगडीवर कॉफी कर. मी म्हटलं, वा! एवढ्या लांबून माणसं आलीत, या थंडीत, आणि चूल असताना शेगडी? मी तर उजाडायच्या आत येऊन पेटवली. बघ कशी धगधगतेय!"

"नेल्सी, अगं... ही चूल... ही प्रदर्शनातली चूल आहे."

"जत्रेला चालते, मग आज का नाही?"

लोथारांनी इवोनीकडे कपाळाला आठी घालून पाहिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनीच तर सांगितलं होतं, मला सांगू नकोस.

"ही माझी आई, दोना इझाल्तिना," रोझेनी उठून म्हणाली. म्हातारीनं मान हलवली. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळे मात्र बारीक आणि टवटवीत. तिनं इवोनीचा हात हातात घेतला. तिचा हात चुलीच्या धगीनं ऊबदार झाला होता.

"फार गार पडलेत ग हात तुझे," ती म्हणाली. "ये, इथं बस. इथं छान ऊब आहे."

इवोनी बसली. पेटीचं लोखंडी दार तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. लोखंड तापताना जो बारीक टणत्कार होतो तो तिला ऐकू येत होता. चूल पेटून किती वेळ झाला? पेटी तापायला वेळ लागतो. नेल्सीच जत्रेच्या वेळी ओरडायची की पाव टाकायला दुपार उजाडते. चादर जाड आहे. अजून काही झालं नसेल. अजून काही झालं नसेल.

"चला ना, आधी वर फोटो बघू," ती म्हणाली. "मूळ फोटो माडीवर आहे. मोठा."

"माझे गुडघे माडी चढत नाहीत, बाई," इझाल्तिना म्हणाली. "रोझेनी खाली घेऊन येईल. मला इथंच बरं आहे."

"मग दिवाणखान्यात बसू. तिथं खुर्च्या मऊ आहेत."

"अगं, बसू दे की त्यांना," नेल्सी म्हणाली आणि चुलीत आणखी एक ओंडका सारला.

"नको!" इवोनी ओरडली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "म्हणजे... धूर होतोय. थोडा विस्तव कमी करू."

"कुठं धूर? तुला झालंय काय आज?"

लोथारांनी घसा साफ केला. "आपण कामाचं बोलू. दोना इझाल्तिना, मी तुम्हाला सरळ सांगतो. सिसी आमच्या घरात वाढली. माझ्या आजोबांना रानात सापडली. कुणी मागं सोडून दिलेलं पोर. त्यांनी आणलं नसतं तर वाघानं खाल्लं असतं. आमच्यात ती घरचीच होती."

रोझेनी बोलायला पुढं झुकली. म्हातारीनं तिच्या मांडीवर हात ठेवला.

"घ्या, खा काहीतरी," लोथार जरा घाईनं म्हणाले. नेल्सीनं घरून आणलेला कुका कापून ठेवला होता, वर साखरेचा चुरा लावलेला जाड गोड पाव. लोथारांनी मधाची वाटी पुढं सरकवली. "यावर मोंग घ्या. आमच्याच पेट्यांमधला आहे."

इझाल्तिनाचा हात वाटीवरच थांबला. "काय म्हणालात?"

"मोंग. मध हो. आमच्या घरात मधाला मोंगच म्हणतात, लहानपणापासून. जुना जर्मन शब्द असेल, आजोबांच्या गावाकडचा."

"दादा," म्हातारी म्हणाली, "तो जर्मन नाही."

नेल्सी कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. "खरंच की," ती हळूच म्हणाली. "माझ्या माहेरी कुणी म्हणत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, होल्शरांची काहीतरी खोड."

"आमच्या आईनं मला शिकवलेला तो शब्द आहे," इझाल्तिना म्हणाली. "तुम्हाला तिनं शिकवला. मावशी तर ती माझी, पण शिकवला तुम्हाला."

लोथारांनी वाटीकडे पाहिलं. ती परत आपल्याकडे ओढली. एरवी इवोनीनं हा क्षण जन्मभर जपून ठेवला असता. आज तिचं लक्षच नव्हतं. तिच्या नाकाला वास आला होता. अगदी पुसट, इस्त्री जरा जास्त तापावी तसा.

ती उठून नेल्सीपाशी मोरीकडे गेली. लोथारांची पाठ तिकडं होती. "नेल्सी," ती कुजबुजली, "त्या पेटीत पांघरूण आहे."

नेल्सीला एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि नेमका तोच कान इकडं होता. "काय? पेटीत काय आहे म्हणालीस?"

ती मोठ्यानं म्हणाली. लोथार वळले. त्यांनी इवोनीचा चेहरा पाहिला, मग चुलीच्या पेटीकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. त्यांना सगळं कळल्याचं तिला दिसलं. आता ते उठतील, काहीतरी सबब काढून पाहुण्यांना बाहेर नेतील, असं तिला वाटलं.

"पेटीत काही नाही," लोथार म्हणाले. सावकाश, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. "रिकामी आहे. इवोनी, बस खाली."

ती बसली. लोथार तिच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या मनात काय होतं हे तिला उघड्या खिडकीतून दिसावं तसं दिसत होतं. जळून गेलं तर गेलं. मागायला काही उरणार नाही, विचारायला काही उरणार नाही. थोडा वेळ तोंड मिटून बसायचं, बस.

आणि सगळ्यात भीती तिला याची वाटली की तीही तोंड मिटून बसली होती.

"काहीतरी जळतंय," इझाल्तिना म्हणाली.

"कुका असेल," लोथार म्हणाले.

"कुका तर मी घरून भाजून आणलाय," नेल्सी म्हणाली.

म्हातारीनं नाक वर करून वास घेतला. "कापड नाही हे. सालीचा वास आहे." ती हळूच म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "लहानपणी आमच्या घरात असा वास यायचा, आई सुताची टोकं जाळायची तेव्हा."

इवोनी उठली. फडकं शोधायचंही तिला सुचलं नाही. उघड्या हातानं तिनं पेटीची कडी धरली, कातडी चरचरली, आणि तिनं दार ओढलं. आतून धुराचा लोट बाहेर आला. चादर तपकिरी झाली होती आणि एका कोपऱ्याला लाल किनार पेटत सरकत होती. तिनं गाठोडं जमिनीवर ओढलं, गुडघ्यांवर बसली आणि तळहातांनी थोपटत सुटली. नेल्सी पाण्याचं भांडं घेऊन धावली. रोझेनीनं स्वतःचा कोट काढून त्यावर टाकला आणि दाबून धरला.

खोलीत धूर तरंगत होता. रोझेनीनं कोट उचलला आणि चादरीची घडी उलगडली.

"हे चुलीत काय करत होतं?" तिनं विचारलं. मघाचा अदबीचा आवाज आता कुठंच नव्हता.

"उंदीर फार झालेत," लोथार म्हणाले, "म्हणून कुणीतरी सुरक्षित..."

"मी लपवलं," इवोनी म्हणाली. "तुम्हाला दिसू नये म्हणून. मी ठेवलं आणि आज चूल पेटणार हे मला ठाऊक नव्हतं. पण आत आल्यावर मला दिसलं होतं, तरी मी गप्प बसले." बोटांवर फोड यायला लागले होते.

"शंभर वर्षं होऊन गेली," रोझेनी म्हणाली. "शंभर वर्षांनी आम्ही फक्त बघायला आलो. फक्त बघायला! आणि तुम्ही ते चुलीत घातलंत?"

"रोझेनी," म्हातारी म्हणाली, "दे इकडे."

पांघरूण तिच्या मांडीवर ठेवलं. एका कोपऱ्याला तळहाताएवढं काळं भोक पडलं होतं, बोट लावलं की राख गळत होती. बाकीचं शाबूत होतं, वाफाळल्यासारखं गरम. इझाल्तिना काठावरून बोटं फिरवत गेली, आंधळं माणूस वाट शोधतं तशी, आणि एका बाजूला थांबली. तिथं तांबूस पट्टा मध्येच संपला होता आणि पुढच्या दोऱ्यांना नुसत्या घाईच्या गाठी मारल्या होत्या.

"हे बघ," ती लेकीला म्हणाली. "पोर लवकर जन्मलं. आजीला काठ पुरा करायला वेळ मिळाला नाही. आई नेहमी सांगायची." तिनं डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ती लोथारांकडे बघत होती. "कुणी टाकलेलं पोर नव्हतं ते, दादा. पहाटे माणसं आली तेव्हा माझी आई आठ-नऊ वर्षांची होती. नुकतं बोलायला लागलेल्या धाकटीला घेऊन पळता येईना. तिनं तिला यात गुंडाळलं, झाडाच्या ढोलीत ठेवलं आणि सांगितलं, रडू नकोस. परत आली तेव्हा ढोली रिकामी होती. मरेपर्यंत माझी आई म्हणत होती, मी तिला टाकून आले. मी सांगायचे, अगं, ती कुठंतरी जगली असेल. मला कुठं ठाऊक होतं? मी आपली म्हणायचे."

नेल्सी तोंडावर एप्रन धरून रडत होती.

"मला एकच विचारायचंय," इझाल्तिना म्हणाली. "तिला कुणी मारायचं का?"

लोथारांनी टोपीकडे हात नेला. इवोनीला वाटलं, आता ते उठून जातील.

"नाही," ते म्हणाले. "मी असताना तरी नाही." मग, जणू कुणी आतून ओढून काढत होतं तसं, "पण आमच्या टेबलाशी बसायची नाही ती. इथं जेवायची. या चुलीपाशी, उभ्यानं. मी एकदा विचारलं होतं आजीला, तांते सिसी का बसत नाही? आजी म्हणाली, तिला आवडत नाही."

त्यांनी टोपी उचलली आणि दाराकडे निघाले.

"घेऊन जा," इवोनी म्हणाली. "पांघरूण. तुमचंच आहे."

लोथार दारातच वळले. "समितीला विचारल्याशिवाय या घरातली वस्तू..."

"समितीला मी सांगेन."

"तुझी जागा जाईल, इवोनी."

"जाऊ दे तिची जागा," नेल्सी म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत तोडून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. "सिसी गेली तेव्हा उशाशी मी होते, तुम्ही गिरणीवर होतात. शेवटी ती कुणाला तरी हाका मारत होती. मला भाषा कळली नाही. मी नुसती हो-हो म्हणत बसले."

पांघरूण घेऊन जाण्याआधी त्या मायलेकी चर्चमागच्या दफनभूमीत गेल्या. इवोनीनं हाताला ओलं फडकं गुंडाळून वाट दाखवली. होल्शरांच्या रांगेत अगदी कुंपणाला लागून एक छोटा दगड होता आणि त्यावर एकच शब्द, सेसीलिया. आडनाव नव्हतं. इझाल्तिना थडग्याशी बसली आणि आपल्या बोलीत बराच वेळ बोलत राहिली. बस आली तेव्हा रोझेनी इवोनीला एवढंच म्हणाली, "आम्ही तिला इथं ठेवणार नाही." बस्स.

समितीची बैठक झाली आणि इवोनीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं वाटलं असतं. त्यानंतरचे महिने तिनं धास्तीतच काढले. पावाच्या दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. कुणी म्हणे गावाचं नाक कापलं, कुणी म्हणे आता जमिनीवर दावे लागणार. एका सकाळी दारात कुणीतरी राखेची बादली ओतून ठेवलेली. वस्तीकडून तर काहीच कळत नव्हतं, आणि तेच तिला जास्त खात होतं. जळका कोपरा रात्रंदिवस डोळ्यांसमोर यायचा. बोटं बरी झाली, पण तर्जनीचं टोक बधिर राहिलं.

नोव्हेंबरात एकदा लोथारांची गाडी तिच्या फाटकाशी थांबली. ते खाली उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "थडगं उकरायला घरच्यांची सही लागते. मी दिलीय. पोरं माझ्याशी बोलत नाहीत, पण दिली. काल घेऊन गेले ते तिला." थोडं थांबून म्हणाले, "आज तिला मातीत ठेवणारेत, वर, त्यांच्याकडे. नेल्सी पहाटेच गेली बसनं. माझ्याबरोबर यायला तयार नाही."

"मग?"

"मग काय? मला रस्ता ठाऊक नाही."

रस्ता एकच होता आणि तो धरणाकडं जात होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. इवोनीनं कोट घेतला आणि गाडीत बसली.

धरण मागं पडलं, डांबर संपलं, लाल माती सुरू झाली. वस्तीच्या तोंडाशी लोथारांनी गाडी थांबवली आणि हात चाकावर तसेच ठेवले. पुढं उतारावर माणसं जमली होती. मुलं वळून गाडीकडे बघत होती. दोन तरुण पोरं हातांची घडी घालून वाटेत उभी होती.

"मी इथंच बसतो," ते म्हणाले. "तू जा. मला बघून कुणी काही बोललं तर..." त्यांच्या कपाळावर घाम होता. एवढा मोठा माणूस इवोनीला पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. तिलाही भीती वाटत होती. ती म्हणाली, "मीही नाही उतरत मग," आणि दोघं काचा बंद करून तशीच बसून राहिली.

उतारावरून कुणीतरी येत होतं. लोकरी शाल, हळू चाल, एका गुडघ्यात लचक. तरुण पोरं बाजूला झाली. इझाल्तिना गाडीपाशी आली, वाकली आणि लोथारांच्या बाजूच्या काचेवर टकटक केली.

त्यांनी काच खाली केली.

"उतरा," ती म्हणाली. "माझी लेक तुमच्याशी बोलणार नाही, आधीच सांगते. बाकीचेही बघतील जरा रोखून. बघू दे." तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला. "पण तिच्या हातचं खाऊन वाढलेला आता तुम्हीच एक उरलाय. तुमच्याशिवाय कसं सुरू करणार?"

लोथारांनी इवोनीकडे पाहिलं. मग एक पाय बाहेर, लाल मातीत ठेवला.